नाव लिहून घ्या

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका शाळेत पूरग्रस्तांची छावणी होती आणि आसपासच्या आम्ही काही जणी तिथं कपडे वाटायला बसलो होतो. बाकांवर साड्यांचे गठ्ठे, सतरंज्या, टॉवेल, टूथब्रशची पाकिटं. रांगेतून एक बाई पुढं आल्या. साठीच्या आसपासच्या, गावभागाच्या खालच्या अंगाला घर असलेल्या. नेसूची साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं कडक झालेली. त्यांनी एक सुती साडी उचलली, घडी मोडून काठ पाहिले, पुन्हा तशीच घडी घातली आणि विचारलं, ‘‘वही कुठाय?’’ आमच्यातली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, ‘‘मावशी, वही-बिही काही नाही. मदत आहे ही, घेऊन जा.’’ ‘‘मदत हाय त्ये कळतंय की बाळ. पन नाव लिवून घ्या माजं. आन साडी कुनी दिली त्येबी लिवा.’’ साडी कुणी दिली ते आम्हालाही माहीत नव्हतं. गठ्ठे सकाळी एका टेम्पोतून उतरले होते. मुलीनं पुन्हा समजूत घातली, पण बाई जागच्या हलेनात. मागं रांग खोळंबली. शेवटी कुणीतरी वर्गातल्या कपाटातून एक हजेरीची वही काढून आणली. त्यात त्यांचं नाव लिहिलं, पुढं ‘साडी १’ असं लिहिलं. देणाऱ्याचं काय लिहायचं? टेम्पो बार्शीहून आला होता एवढं चौकशी केल्यावर समजलं. तेवढंच लिहिलं. बाईंनी वाकून ती ओळ बघितली. त्यांना वाचता येत होतं की नाही, कोण जाणे. मग साडी काखेत धरून त्या वर्गाबाहेर गेल्या.

ती ओळ माझ्या डोक्यातून गेली नाही.

तेव्हा वाटलं होतं, स्वाभिमानी बाई आहे. तेवढ्यावर विषय संपायला हरकत नव्हती. पण छावणीत रोज जात राहिले तसं लक्षात येत गेलं की त्या एकट्या नव्हत्या. फक्त बोलून दाखवायचं धाडस त्यांनी केलं होतं. त्या दिवसांत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीत राहणाऱ्याला हे आकडे कुणी शिकवावे लागत नाहीत: ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि त्याच्या पुढं प्रत्येक फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं ते लहान पोरंही सांगतात. लोकांनी सामान हलवलं ते २००५ चा पूर डोळ्यांपुढं ठेवून. तेव्हा भिंतीवर जिथवर पाणी आलं होतं त्याच्या वीतभर वर माळ्यावर सगळं रचलं. धान्याचे डबे, मुलांची पुस्तकं, लग्नातले फोटो, गाद्या. या वेळी पाण्यानं ती रेघ ओलांडली. ज्यांच्या घरात आदल्या आठवड्यात हरभरा डाळीचं पोतं होतं, ज्यांनी आषाढीला वारकऱ्यांच्या पंगतीला पैसे दिले होते, ती माणसं आता बिस्किटाच्या पुड्यासाठी रांगेत होती. द्यायची सवय असलेल्या माणसाचा हात घेताना कसा दिसतो, ते मी त्या रांगेत पाहिलं. तो हात पूर्ण पुढं येत नाही. कोपर अंगाला चिकटलेलं राहतं.

मदत प्रचंड आली, हे आधी म्हटलं पाहिजे. कुठून कुठून ट्रक आले, कुणीही न बोलावता. पोरं छातीएवढ्या पाण्यातून दुधाच्या पिशव्या डोक्यावर धरून गेली. ब्रह्मनाळ गावातून पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं बुडाली, त्यावरही बोटी थांबल्या नाहीत. काळजात धस्स झालेलं असतानाही माणसं पुढच्या फेरीला गेली. पाणी उतरल्यावर बाहेरच्या महापालिकांचे सफाई कामगार आले आणि त्यांनी आमच्या शहराचा कुजलेला गाळ उपसला. हरभट रोडवरून चालताना नाकाला पदर लावावा लागत होता, तिथं ही माणसं वाकून फावडी मारत होती. त्यांचे उपकार कुठल्या वहीत लिहिणार? पण त्याच दिवसांत रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीगही पडले होते. बटणं तुटलेले शर्ट, एका पायातला बूट, पावसात भिजून उग्र वास मारणारे स्वेटर. कुणी धान्याच्या पिशव्यांवर फोटोचे स्टिकर लावले. कुणी चालत्या टेम्पोतून पुडे फेकले आणि मोबाईलवर ते चित्रीत केलं. शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी त्या टेम्पोमागं चार पावलं जाऊन थांबताना पाहिलं. ते वळले आणि कुणी पाहिलं का म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं. मी खाली मान घातली.

माझ्या आजीकडं आहेराची वही होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार खतावणी ठेवतात तशी. तिला हळदीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून एक वास यायचा. माझ्या वडिलांच्या लग्नात कुणी काय दिलं ते सगळं त्यात निळ्या शाईनं लिहिलेलं: अमक्याकडून रुपये ५, तमक्याकडून पितळी तांब्या, मामांकडून लुगडं आणि खण. कुणाच्या घरी कार्य निघालं की आजी ती वही काढून बसायची, बोटानं नाव शोधायची आणि म्हणायची, ‘‘त्यांनी आपल्याला पाच दिले होते, आपण अकरा घालूया.’’ थोडं वाढवून परत करायचं, म्हणजे पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा थोडं वाढवायचं. हिशोब कधी बरोबरीत मिटवायचा नाही. मिटला की येणं-जाणं मिटलं. लहानपणी मला हे कंजूषपणाचं वाटायचं, नात्यात कसले पैसे मोजता असं वाटायचं. आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं असतं आणि त्यामागचं कारण मला पटतंही, कारण त्या वहीनं किती जणांना छळलं तेही मी पाहिलंय. हातात काही नाही म्हणून सख्ख्या भाचीच्या लग्नाला न गेलेले एक काका आमच्याच घरात होते. तरीही छावणीतल्या बाईंनी ‘वही कुठाय’ विचारलं तेव्हा मला आजीचं ते पानावरून फिरणारं बोट आठवलं.

दोन-तीन दिवस गेले आणि छावणीत भांडण झालं. निमित्त मसालेभाताचं. बाहेरून तयार पाकिटं यायची, सकाळी मसालेभात, रात्री मसालेभात. माणसं खात होती, पण म्हातारी आणि लहान मुलं पोटं धरून बसायला लागली. बायकांनी व्यवस्थापकांना गाठलं: आम्हाला पीठ आणि तवे द्या. ते बिचारे दिवसरात्र जागलेले, म्हणाले, तुम्ही पूरग्रस्त आहात, तुम्ही विश्रांती घ्या, स्वयंपाक आम्ही बघतो. त्यावर आवाज चढले. कसली विश्रांती? घर पाण्यात असताना वर्गात बसून फळ्याकडं बघण्यात कसली विश्रांती आहे? अखेर मागच्या व्हरांड्यात विटांच्या चुली मांडल्या, कुणीतरी ज्वारीचं पीठ आणलं आणि बायका बसल्या. मी आयुष्यभर भाकऱ्या खाल्ल्यात, पण त्या दिवशी भाकरी होताना पहिल्यांदाच नीट पाहिली. गरम पाण्यात पीठ मळताना तळहाताच्या खालच्या भागानं दिलेला जोर, परातीत पिठावर गोल गोल फिरत मोठी होत जाणारी भाकरी, कडेला चीर पडली तर बोट ओलं करून तिथल्या तिथं केलेली दुरुस्ती, तव्यावर टाकताच वरच्या बाजूला फिरवलेला पाण्याचा हात. बोलणं थांबलेलं नव्हतं. कुणाच्या घरात किती पाणी, कुणाची म्हैस सापडली, कुणाची नाही. साडीवाल्या बाई मधोमध होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘बसा की वो. जेवूनच जावा आता.’’ आदल्या दिवसापर्यंत वाटणारी मी होते. त्या दिवशी मी त्यांच्या हातची भाकरी आणि झुणका खाल्ला. छावणीचा आवाज त्या संध्याकाळी बदलला, हे मी शपथेवर सांगू शकते. लोक मोठ्यानं बोलायला लागले.

घेणाऱ्यालाही काही द्यायचं असतं, हे आमच्या भागाला नव्यानं कळायला नको होतं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. पैसा नव्हताच. पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने त्यात गेले, शेवटी मंगळसूत्रही. मुष्टिफंड चालायचा तो असा: गावातल्या बाईनं दळायला बसताना मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं, आठवड्यानं मुलांनी ते गोळा करायचं. मला त्या मडक्याचं फार अप्रूप वाटतं, कारण मूठ टाकणारी बाई स्वतः गरीबच असायची. तिच्याकडून पोतं कुणी मागितलं नाही. मुलांनीही नुसतं जेवून उठायचं नव्हतं. शेतात राबायचं, पाणी भरायचं, दळायचं, मग पुस्तक उघडायचं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य मी संस्थेच्या शाळांच्या भिंतींवर लहानपणापासून वाचत आले, पण ते अभ्यासाविषयी आहे असं समजत होते. ते जेवणाविषयीही आहे. त्याआधी शहरांत गरीब मुलगा शिकायचा तो वार लावून. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. तीही मदतच, आणि त्यातून मोठी माणसं घडली. पण ती ठरावीक जातीच्या मुलांनाच मिळे आणि परक्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पान वाढून घेताना जे गिळावं लागे, ते त्यांतल्या कित्येकांनी म्हातारपणी लिहून ठेवलंय. भाऊरावांच्या मुलांना असं गिळावं लागलं नसावं असं मला वाटतं. आपल्या घामाचं अन्न खाली मान घालून खावं लागत नाही.

तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती झाले. रोजगार हमीची कल्पना त्यांची, पहिला प्रयोगही तासगाव तालुक्यातलाच. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, तलाव खोदायला, रस्त्यांवर माती टाकायला गेली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला: मागेल त्याला काम. त्या कामांवर माझ्या आईच्या माहेरची माणसं होती. दुष्काळी कामांवर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव ती माणसं अजून सांगतात. आवडायची म्हणून नाही, रोज तीच असायची म्हणून. पण माझे मामा त्या वेळच्या तलावाच्या बांधावर आजही पाहुण्यांना घेऊन जातात आणि काठीनं दाखवतात, ‘‘हा तुकडा आमच्या टोळीचा.’’ दुष्काळात सरकारनं जगवलं असं ते कधी म्हणत नाहीत. बांध आम्ही घातला, असं म्हणतात. दोन्ही खरं आहे, पण त्यांनी यातलं कुठलं लक्षात ठेवायचं ठरवलं ते मला महत्त्वाचं वाटतं.

आणि मग लातूरची गाडी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवायचं ठरलं. राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात टाकीच्या वाघिणी आतून वाफेनं धुऊन आणल्या. कृष्णेचं पाणी रेल्वेच्या हैदरखान विहिरीत, तिथून स्टेशनात. पहिली गाडी दहा वाघिणींची, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, आणि ती १२ एप्रिलला लातूरला पोचली. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. त्या वेळी मिरजेत अभिमान होता तशी कुरकुरही होती. आमच्याच जिल्ह्यात जत आणि आटपाडीची गावं टँकरवर होती. ‘घरचं पोर उपाशी ठेवून शेजाऱ्याला वाढता’ असं जतच्या एका नातेवाइकानं मला तोंडावर सुनावलं आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. जतची तहान खरी होती. पण गाडी गेली ते बरं झालं, असंच मला वाटतं, आणि हे वाटणं मी त्या नातेवाइकापासून लपवलेलं नाही.

२०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये शाळेच्या फाटकाशी एक ट्रक उभा राहिला, नंबर एमएच २४. लातूरचा. त्या वर्षी मराठवाड्यात पावसानं दडी मारलेली, तिकडं पेरण्या करपत होत्या आणि इकडं आम्ही बुडत होतो. ट्रकात पाण्याच्या बाटल्यांची खोकी, चटया आणि डाळीची पोती होती. पोतं पाठीवर घेताना चालकाला मी विचारलं, तुमच्याकडंच दुष्काळ असताना हे कसं जमवलं? तो चाळिशीचा असेल. पोतं खाली ठेवून म्हणाला, ‘‘ताई, त्र्याण्णवच्या भूकंपात मी शाळंत होतो. आमच्या गावाला तिकडून, सांगलीकडून भाकऱ्या आल्त्या. सोळाला तुमचं पाणी पेलो. आता आमची पाळी हाय.’’ हे तो अगदी सहज बोलला, बँकेचा हप्ता भरायला आल्यासारखा, आणि पुढचं पोतं उचलायला वळला. त्याच्याकडं कुठली वही नव्हती. पण सव्वीस वर्षांपूर्वीची भाकरी त्याच्या हिशोबात होती. साडीवाल्या बाईंचं म्हणणं मला तेव्हा कळायला लागलं. त्यांना बार्शीला साडी परत पाठवायची नव्हती, तसं त्यांना शक्यही नव्हतं. बार्शीवर कधी वेळ आली तर आपल्यावर काही आहे, याची नोंद त्यांना हवी होती. नोंद नसती तर त्या फक्त पूरग्रस्त राहिल्या असत्या.

हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट मला टोचत राहते. हा हिशोब जमतो तो जागेवर टिकून राहणाऱ्यांचा. मार्केट यार्डाजवळच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी परप्रांतीय मुलं त्या पुरात कुठं गेली, कुणाला पत्ता नव्हता. कुणाच्या लग्नाच्या वहीत त्यांचं नाव नाही, मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर नाही, मतदार यादीतही नाही. त्यांतले काही जण पाणी चढत असताना दुकानदारांचा माल वरच्या मजल्यावर पोचवत होते आणि रात्री स्वतः उड्डाणपुलाखाली झोपले. छावणीत ती फारशी आलीच नाहीत. आली तेव्हा आधारकार्ड मागितलं गेलं. फेडायची संधी सोडाच, घ्यायचीही त्यांना नीट मिळाली नाही. आणि अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, भ्रमिष्ट म्हातारे आहेत. ते काय परत करणार? त्यांच्याकडून परतफेडीची अपेक्षा करणारं गाव मला नको आहे. आजीच्या वहीतली ही भोकं मला बुजवता येत नाहीत.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या वेळी आमच्या भागातल्या गणेश मंडळाच्या पोरांनी आधीच एक यादी केली होती: खालच्या गल्ल्यांतलं कुठलं घर वरच्या कुठल्या घरात जाणार. छावणी भरायच्या आत निम्मी माणसं अशीच ओळखीपाळखीच्या घरांत गेली. आमच्याकडं एक कुटुंब आलं, आजी, सून आणि दोन नातवंडं. येताना त्यांनी गॅसची टाकी, पिठाचा डबा आणि लोणच्याची बरणी आणली होती. मी म्हटलं, हे कशाला आणलंत? आजी म्हणाल्या, ‘‘बिनओझ्याचं आलो आस्तो तर उद्याच परत जावंसं वाटलं आस्तं.’’ त्यांची सून रोज सकाळी माझ्या आधी उठून ओटा पुसायची आणि मी तिला अडवलं नाही. दुपारी मी तिच्या मुलाचा अभ्यास घ्यायची. गेल्यावर महिनाभरानं त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. भिंतींना अजून ओल होती, रंग दिला नव्हता, आणि पुरणपोळी केली होती.

ती यादी मंडळाची मुलं आता दर जूनला नव्यानं करतात. यंदा त्यात भाडेकरूंचं वेगळं पान घाला म्हणून मी त्यांच्या मागं लागले आहे: मालक कुठलाही असो, खोलीत राहतं कोण, त्यांचा फोन कुठला, आणि त्यांना कोणतं काम येतं. शेवटच्या रकान्यावर एक-दोघांनी नाक मुरडलं. पुरात कोण कुणाचं काम विचारतं, म्हणाले. मार्केट यार्डामागच्या खोल्यांत आम्ही रविवारी विचारायला गेलो तेव्हा पहिल्याच खोलीतला मुलगा म्हणाला, त्याला पोहता येतं, त्यांच्या गावाला दरवर्षी गंगा येते. दुसरा वायरमन निघाला. तिसऱ्यानं विचारलं, पाणी आलं तर आम्ही कुणाच्या घरी जायचं? त्याच्या नावापुढं अजून घर लिहायचं आहे. वरच्या गल्लीतल्या चार घरांशी बोलणं चालू आहे, एकानं जवळजवळ हो म्हटलंय.